एकोणदहा

विलेपार्ले,
११ जानेवारी १९५५

प्रिय जयू,

सकाळपासून डोकं तापलंय आणि तो राग कुणावर तरी काढायचा म्हणून तुला लिहायला बसले. तू लग्न करून घाटकोपरला सुटलीस. मी इथे बालवर्गाच्या समितीच्या तावडीत आहे. आज समितीची चिठ्ठी आली. कुठल्या मुलाला किती अक्षरं आणि किती अंक लिहिता येतात, याचा तक्ता आठ दिवसांत पाठवावा. खाली अध्यक्षांची सही. अध्यक्ष तुझे चुलत सासरे आहेत हे मला ठाऊक आहे, आणि तरीही लिहिते की तात्यासाहेब उकिडव्यांनी निवृत्त झाल्यावर बागकाम करावं. माझी मुलं साडेतीन ते पाच वर्षांची. त्यांची बोटं अजून स्वतःचं बटण लावायला शिकताहेत, आणि यांना तक्ता हवा आहे.

मला सांग, नंदकुमारचं मी तक्त्यात काय लिहू? गेल्या गुरुवारी त्याने अर्धा तास पाणी ओतलं. बाटलीतून ताटलीत, ताटलीतून बाटलीत. सांडलं, त्याने पुसलं, पुन्हा ओतलं. मी चार पावलांवर बसून नुसती बघत होते. आपल्या अध्यापन वर्गात शिकवलं होतं ना, मूल कामात असताना बाईंनी तोंड मिटून बसावं. शेवटी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, पाणी बाटलीत उभं राहतं नि ताटलीत झोपतं." या वाक्याला तक्त्यात रकाना नाही.

पण खरं सांगायचंय ते सुगंधाचं. लवू कांबळी म्हणून इथल्या बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवर आहेत, त्यांची ही मुलगी. जूनमध्ये पाच पुरी होईल. तुला माहीत आहे, माझ्या वर्गात हजेरी मुलं घेतात. पटावर तीस. सगळी आली तर तीस. एखादं आलं नाही तर मी म्हणते, "आज एकोणतीस. एक नाही आला." मग कोण नाही आलं ते सगळी मिळून शोधतात. दाराआड, कपाटामागे, सगळीकडे. घरी तापाने झोपलेलं मूल कपाटामागे कसं सापडेल, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

काल सुगंधा दहा चिंचोके घेऊन बसली होती. त्यातला एक घरंगळून कपाटाखाली गेला. उरलेले तिने ओळीत मांडले, शेवटी एकाची जागा मोकळी सोडली, आणि मला म्हणाली, "एकोणदहा, बाई. एक नाही आला." आणि पालथी पडून कपाटाखाली हात घालून शोधायला लागली.

जयू, मी जागच्या जागी गार पडले. आपण लहानपणापासून एकोणीस, एकोणतीस म्हणत आलो. त्यातला तो 'एक उणा' आपल्याला कधी ऐकू आला? या पोरीला आला. आणि तिला नऊ येत नाहीत असं समजू नकोस. दुपारी पायऱ्या मोजताना ती नीट नऊ म्हणाली. पायऱ्या नऊच आहेत, त्यांतली कुठली हरवलेली नाही. चिंचोके मात्र दहा होते आणि एक यायचा राहिला होता. तिच्यासाठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला विचारशील तर त्या आहेतच.

चिंचोका सापडला. तेव्हाचा तिचा चेहरा तू बघायला हवा होतास. हे मी तुझ्याशिवाय कुणाला लिहिणार?

तुझी,
नलू

---

घाटकोपर,
१९ जानेवारी १९५५

प्रिय नलू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी घरात जाऊबाईंच्या बाळाचं बारसं होतं. तीस-पस्तीस माणसं, हात पिठाचे, डोक्यावर पदर, आणि पोस्टमनने पत्र माझ्याच हातात दिलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभ्या उभ्या वाचलं. तुला सांगते, पुऱ्यांचा घाणा करपला.

एकोणदहा. दिवसभर हा शब्द माझ्या तोंडात घोळत होता. रात्री भांडी लावताना एक वाटी कमी भरली तर मी मनातल्या मनात 'एकोणबारा' म्हणाले आणि एकटीच हसले. ह्यांनी विचारलं काय झालं. म्हटलं, काही नाही, एक वाटी नाही आली.

तू सुगंधाला सुधारलं नाहीस ना? सुधारू नकोस. नऊ तिला कुणीही शिकवेल. तुझी पत्रं येतात म्हणून मी अजून शिक्षिका आहे, नाहीतर दोन वर्षांचं ते प्रमाणपत्र ट्रंकेत कागदाखाली पडलंय. आणखी लिही. त्या पाणीवाल्या मुलाचं पुढे काय झालं?

समितीचं मनावर घेऊ नकोस. तात्या बोलायला कडक आहेत, पण माणूस वाईट नाही.

तुझी,
जयू

---

विलेपार्ले,
२ फेब्रुवारी १९५५

प्रिय जयू,

तुझ्या वाईट नसलेल्या माणसाने परवा काय केलं ते वाच.

सोमवारी, काही न कळवता, समितीचे दोन सभासद बरोबर घेऊन तात्यासाहेब वर्गात आले. पायांत वहाणा तशाच. मुलांच्या पाटावर बसणं शोभत नाही म्हणून माझी खुर्ची ओढून घेतली. मुलं कामात होती. बाळा रंगीत मणी ओवत होता, दोघी भातुकलीच्या चुलीवर कारखान्यातली बिस्किटं भाजत होत्या. त्यांतल्या एकाकडेही त्यांनी पाहिलं नाही. बसल्या बसल्या विचारलं, "सुगंधा कांबळी कोणती?"

नावानिशी. तीस मुलांत तिचंच नाव.

ती आली. त्यांनी दोन्ही पंजे तिच्यासमोर धरले, एक अंगठा आत दुमडला आणि म्हणाले, "किती?" सुगंधाने बोटांकडे पाहिलं, दुमडलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. तिला कोडं आवडलं हे मला दिसत होतं. म्हणाली, "एकोणदहा." आणि पुढे होऊन त्यांचा तो अंगठा उघडायला लागली. हरवलेला सापडला होता ना तिला. त्यांनी हात झटकन मागे घेतला आणि मोठ्याने हसले. सभासद हसले. मोठी माणसं हसली म्हणून मुलंही हसली. सुगंधा वळून वळून बघत होती, हसण्यासारखं काय आहे ते.

मी म्हटलं, "साहेब, तिचं बरोबर आहे. आपली बोटं दहाच आहेत, त्यांतलं एक आपण लपवलंत." तर म्हणाले, "बाई, दहातून एक गेला की नऊ, हे आमच्या वेळी पोरं पाळण्यात शिकत." आणि शेरेबुक मागवून त्यात शेरा लिहिला. तो मी जसाच्या तसा देते: "अंकज्ञान सदोष. बालकांस चुकीचे अंक शिकविले जातात. शिक्षिकेस समज द्यावी."

मला समज द्यावी. जी समज त्या मुलीला आहे तिच्यातली थोडी या तिघांना वाटून दिली असती तर बरं झालं असतं.

आता मुख्य गोष्ट. त्यांना हे कळलं कसं? एकोणदहा हा शब्द मी तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेला नाही. म्हणजे वर्गातूनच बाहेर गेला. मुलांना घरून आणणाऱ्या आमच्या प्रेमाबाई सकाळी तात्यासाहेबांकडे धुणंभांडी करतात. आणखी कोण असणार? मी त्यांना काल सगळ्यांसमोर विचारलं, आणि जरा जास्तच बोलले. त्या गप्प उभ्या राहिल्या. खऱ्या असत्या तर बोलल्या नसत्या का?

तुझी,
नलू

---

(पोस्टकार्ड)

घाटकोपर, ५ फेब्रुवारी

प्रिय नलू, कार्डावर फार लिहिता येत नाही. वाचून फार वाईट वाटलं. पण प्रेमाबाईंना बोलू नकोस. त्यांनी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. घरात पाहुणे आहेत, सविस्तर मागाहून लिहिते. सुगंधाला सांभाळ.

जयू

---

विलेपार्ले,
१४ फेब्रुवारी १९५५

प्रिय जयू,

तुझं सविस्तर पत्र काही आलं नाही. असू दे. माझंच सविस्तर होतंय.

प्रेमाबाई त्या दिवसापासून आल्या नाहीत. मुलांना आणायला सकाळी मीच घरोघर फिरते. पण ते सोड.

अध्यक्ष येऊन गेल्यापासून सुगंधा मोजत नाही. चिंचोक्यांची वाटी पुढे ठेवली की दोन्ही हात झग्याखाली घेऊन बसते. जी मुलगी जिन्याच्या पायऱ्या, खिडकीचे गज, माझ्या पातळाच्या काठावरची फुलं, दिसेल ते मोजत होती, तिला आता किती विचारलं की ती आजूबाजूला बघते, कुणी हसणार आहे का म्हणून. एका मिनिटाच्या हसण्याने हे झालं. माझे आठ महिने त्या एका मिनिटापुढे कमी पडले.

गुरुवारी संध्याकाळी लवू कांबळी दारात आले. कारखान्यातून तसेच आलेले, हातावर पीठ. आत या म्हटलं तर आले नाहीत. तात्यासाहेबांनी त्यांना घरी बोलावून सांगितलं होतं की मुलगी मंद दिसते, खेळात वर्ष वाया गेलं, आताच शिस्त लावली नाही तर पुढे शाळेत टिकणार नाही. शिकवणीचे एक मास्तरही सुचवले. पट्टीने शिकवतात म्हणून प्रसिद्ध आहेत ते.

मी एकोणदहाचा अर्थ समजावून सांगितला. चिंचोके मांडून दाखवले. ते मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, तुमी वायट वाटून घेव नकात. माका चौथीच्या फुडे शिकूक गावला नाय. चेडवाक तरी गावांदे. मोठी माणसा सांगतत ती खोटा कशाक सांगतीत?"

आपण चौथीपुढे शिकलो नाही, मुलीला तरी शिकायला मिळू दे, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्यावर मला रागावता येईना. मोठी माणसं खोटं सांगत नाहीत या विश्वासावर तो माणूस पहाटेपासून भट्टीसमोर उभा राहतो. आणि त्या विश्वासाचं मोठ्या माणसाने काय केलं, तर वेळ जात नाही म्हणून एका मुलीची गंमत केली.

शुक्रवारी सुगंधा आली नाही. हजेरी झाली. मी नेहमीसारखं म्हणायला तोंड उघडलं, "आज एकोणतीस," आणि पुढचं म्हणवेना. मुलांनीच म्हटलं, "एक नाही आला." आणि शोधायला लागली. बाळा सरळ कपाटापाशी गेला, पालथा पडला आणि खाली बघून म्हणाला, "सुगी इथं पण नाही, बाई."

हा शब्द मी वीस-बावीस वर्षं वापरते आहे. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

समितीचा ठराव आला आहे. येत्या रविवारी, वीस तारखेला सभा. मी चुकीचे अंक शिकवल्याबद्दल माफी लिहून द्यायची आणि एक मार्चपासून वर्गात पाट्या-पेन्सिली आणायच्या. पाणी, माती, मणी बंद. नाहीतर राजीनामा. तूच सांग, मी काय करू? आणि या वेळी कार्ड नको.

नलू

---

घाटकोपर,
१७ फेब्रुवारी १९५५

प्रिय नलू,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

प्रेमाबाईंनी काही सांगितलेलं नाही. मी सांगितलं.

बारशाच्या दिवशी जेवणं झाल्यावर बायका बसल्या होत्या. जाऊबाई सहज म्हणाल्या, "जयंतीने दोन वर्षं घालवली, पोरं सांभाळायला कसलं गं शिक्षण?" सगळ्या हसल्या. मला लागलं, नलू. तुझं पत्र कमरेला खोचलेलं होतं. म्हटलं, काय शिकलो ते ऐका तरी. आणि वाचून दाखवलं. पाणी उभं राहतं आणि झोपतं, तेही. एकोणदहा मी दोनदा वाचलं. मला वाटलं, हे ऐकून कुणीही गप्प होईल.

तात्या बाहेरच्या खोलीत पान लावत होते. दार उघडंच होतं. त्यांनी विचारलं, "कोणाची मुलगी ही?" आणि मी कौतुकाने नाव सांगितलं. बापाचं नावही. तात्यांचं तक्त्याचं आणि बागकामाचं मी वाचलं नव्हतं, तेवढी अक्कल होती. पण पोरीचं नाव घेताना नव्हती.

ते तिथे खूप हसले. मला वाटलं, त्यांना आवडलं. मी पण हसले.

तुझं दोन तारखेचं पत्र आलं तेव्हाच मला कळलं. तेव्हाच लिहायला हवं होतं. कार्डावर जागा नाही हे खोटं होतं. लिहायचं होतं ते एका ओळीत मावलं असतं. माझ्यामुळे तू प्रेमाबाईंना बोललीस. माझ्यामुळे त्या मुलीला पट्टी बसते आहे. तुझ्या पत्रावर माझा वर्ग चालत होता, आणि तो वर्ग मीच उघड्यावर मांडला.

माफी देऊ नकोस. समितीलाही नाही, आणि मलाही नाही.

जयू

---

विलेपार्ले,
१ मार्च १९५५

सौ. जयंतीबाई उकिडवे यांस,

आपलं १७ तारखेचं पत्र मिळालं. आपण स्पष्ट लिहिलंत, ते योग्य केलंत.

समितीच्या सभेत मी राजीनामा दिला. कारण विचारल्यावर सांगितलं की माझ्या वर्गात चूक झालेली नाही. तात्यासाहेब म्हणाले की शिक्षिकेने एवढं तोऱ्यात वागू नये. त्यांनी चहा मागवला होता. तो मी घेतला नाही.

प्रेमाबाईंच्या घरी जाऊन मी हात जोडले. ऐकून घेतल्याशिवाय माणसाला दोषी ठरवणं आणि मग त्याच्या बोलण्याचा किंवा गप्प राहण्याचा अर्थ आपल्या सोयीने लावणं, हे काम तात्यासाहेबांनी एका मुलीच्या बाबतीत केलं आणि मी एका बाईच्या बाबतीत. तात्यासाहेबांना मी बोल लावत होते तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. प्रेमाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या बाई, तुमी पण रागात व्हता." मला त्यांनी इतक्या स्वस्तात सोडायला नको होतं.

आजपासून दादाच्या घराच्या ओटीवर मी वर्ग सुरू केला आहे. वहिनीला पसंत नाही, पण तिने ओटी झाडून दिली. समितीच्या वर्गात आता पाट्या आल्या आहेत आणि तिथे वीस मुलं बसतात असं ऐकते. माझ्याकडे आज किती आली ते आपल्याला कळवणं मला आवश्यक वाटतं.

एकोणदहा.

उणा एक कोण, हे आपल्याला ठाऊक आहे.

नलिनी खरे

---

घाटकोपर,
१३ मार्च १९५५

प्रिय नलू,

तू मला 'आपण' लिहिलंस. ते पत्र मी ट्रंकेत प्रमाणपत्रावर ठेवलं आहे. तू उत्तर मागितलेलं नाहीस, पण मला सांगायचं आहे, म्हणून सांगते.

होळीला आम्ही सगळे पार्ल्याला तात्यांकडे जेवायला गेलो होतो. पुरुषांची पंगत बसली होती, मी तूप वाढत होते. तात्या नव्या शिस्तीचं कौतुक सांगत होते, मुलं कशी ओळीत बसतात, कशी एका सुरात अंक म्हणतात. मी तुपाचं भांडं घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "तात्या, एकोणनव्वद म्हणतात, मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?"

म्हणाले, "तशी पद्धत नाही."

"पण का नाही?"

"का म्हणजे? आधीपासून नाही म्हणत."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही. पासष्ट वर्षं घोकून ठाऊक नाही. त्या चार वर्षांच्या मुलीने नियम स्वतः शोधून काढला आणि तुम्ही तिच्या बापाला घरी बोलावून तिला मंद म्हणालात."

हे ताटात बघत होते. सासूबाईंनी आतून माझं नाव घेऊन हाक मारली, त्या हाकेत काय होतं ते तुला सांगायला नको. तात्या रागाने लाल झाले, पण पानावरून उठले नाहीत. दुसरी पुरणपोळी नुकतीच वाढून झाली होती. घरी मला जे ऐकायला मिळालं ते ऐकते आहे. ह्यांनी तीन दिवसांनी एवढंच विचारलं, "खरंच गं, एकोणशंभर का नाही म्हणत?"

होळीच्या त्याच संध्याकाळी मी देवळात जाऊन येते म्हणून निघाले आणि विचारत विचारत कांबळींच्या चाळीत गेले. सुगंधाची आई रत्नप्रभा चुलीपाशी होती. तिने पोरीचे तळवे माझ्यासमोर उघडले. नलू, डाव्या तळव्यावर वळ होते. मोजायला लागणार इतक्यात माझं मलाच किळसवाणं वाटलं.

लवू आल्यावर मी नाव सांगितलं. उकिडव्यांची सून. हे खरंच आहे. पण तो एकदम उठून उभा राहिला, पोरीला नमस्कार करायला लावला, आणि मला कळलं की त्याला वाटतंय, मला तात्यांनी पाठवलंय. मी म्हटलं, "खरेबाईंच्या वर्गात मुलीला परत पाठवा. ती मंद नाही, फार हुशार आहे." तो म्हणाला, "साहेबांच्या सूनबाई सांगतत म्हणजे प्रश्नच मिटलो." आणि मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. एकदा खरं बोलून त्या मुलीचं वाटोळं केलं होतं. आता गप्प राहून तिचं भलं होत असेल तर मी गप्प बसणार होते.

येताना तुझ्या दारावरून गेले. आत यायचं धाडस झालं नाही. ओटीवर भिंतीला पाट टेकवून ठेवले होते. मी फाटकाबाहेरून मोजले. दहा होते.

जयू

---

विलेपार्ले,
२४ मार्च १९५५

प्रिय जयू,

तुला 'आपण' लिहिताना मलाही बरं वाटलं नव्हतं. पण तेव्हा राग होता आणि तो खरा होता. अजूनही थोडा आहे. तो सगळा गेला असं लिहिलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस.

सुगंधा चौदा तारखेपासून येते. लवू कांबळी स्वतः सोडायला आले. मला म्हणाले, "साहेबांनी परवानगी दिल्यानी, बाई." मला इतका संताप आला की मी दोन मिनिटं आत जाऊन उभी राहिले. एक बाप स्वतःच्या मुलीला कुठल्या ओटीवर बसवावं याची परवानगी, पाढे घोकत म्हातारा झालेल्या एका माणसाकडे मागतो, आणि ती नाही मिळाली तर मुलगी मार खात राहते. मी खरं सांगून त्याची समजूत घालायला गेले तेव्हा तो ऐकेना; तू नुसतं उकिडव्यांचं आडनाव पुढे केलंस आणि काम झालं. यात तुझा दोष नाही. पण मला याचा आनंद मानता येत नाही. एक दिवस मी लवूला सगळं सांगणार आहे. मुलगी आधी बरी होऊ दे.

बरी व्हायला वेळ लागेल. त्या मास्तरांनी महिनाभरात तिच्याकडून शंभरपर्यंत अंक पाठ करून घेतले आहेत. धडाधड म्हणते, एक चूक नाही. म्हणताना डोळे मिटते आणि तळवे मागे नेते. पहिले चार-पाच दिवस ती कशालाच हात लावत नव्हती. नंदकुमारने तिच्यापुढे पाण्याची बाटली आणून ठेवली आणि म्हणाला, "हे उभं पाणी तुला घे." तेव्हा तिने बोट बुडवलं. परवा ती भातुकलीत बिस्किटं भाजायला बसली. मी चार पावलांवर बसून असते. तोंड मिटून.

काल हजेरीची पाळी तिच्यावर आली. मी टाळणार होते, पण बाळाने आठवण करून दिली, पाळी म्हणजे पाळी. ती तिच्या पाटावरून उठली. एकेकाच्या डोक्याला बोट लावत ओटीभर फिरली, ओठ हलत होते. शेवटच्या मुलापाशी थांबली. स्वतःला मोजायची ती विसरली होती. या वयाची मुलं विसरतात, तुला ठाऊक आहे. तिने वळून पाहिलं. दहा पाट, त्यांतला एक रिकामा. तो तिचाच, पण ते तिच्या ध्यानात नव्हतं. तिच्या ओठांवर 'ए' आला. मला दिसला, जयू, मी शपथेवर सांगेन. मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं, तळवे मागे नेले, आणि म्हणाली, "नऊ."

उत्तर बरोबर होतं. तात्यासाहेब असते तर शेरेबुकात 'समाधानकारक' असं लिहून गेले असते. त्या एका बरोबर उत्तरासाठी त्यांनी काय खर्ची घातलं ते त्यांना कधी कळणार नाही, आणि जाऊन सांगावं तर त्यांना ते समजणार नाही. मला त्या क्षणी कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटलं. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

तू शनिवारी ये. घरी काय सांगायचं ते तू ठरव, पण देवळात जाते असं सांगू नकोस. वर्गाला जाते असंच सांग. प्रेमाबाई आता ओटीवर मुलांना आणतात; त्या म्हणतात, दोन बायका लागतील असं काम आहे, आणि त्या दोघींत मला मोजतच नाहीत.

हजेरीचं राहिलं. सुगंधा नऊ म्हणाली आणि बाळा उठला. त्याने रिकाम्या पाटाकडे बोट दाखवून विचारलं, "मग ह्याच्यावरचा कोण नाही आला?" सगळी उठली आणि शोधायला लागली. दाराआड, तुळशीमागे, वहिनीच्या स्वयंपाकघरात. सुगंधा थोडा वेळ उभी राहिली. मग तीही धावली. ओटीवरच्या बाकापाशी गेली, पालथी पडली, आणि हात लांब करून बाकाखाली शोधायला लागली.

मी काही सांगितलं नाही. शोधू दे तिला.

तुझी,
नलू